कौल डावा पडला तर

आरवलीच्या वेतोबाच्या देवळात पहिल्यांदा जाणारा माणूस मूर्तीइतकाच चपलांकडे बघत राहतो. जाड तळव्याच्या, माणसाच्या पायाला कधीच न बसणाऱ्या मोठाल्या चामडी चपला. नवस फेडायला लोक त्या आणतात, सोबत केळ्यांचा घड. देव रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून नव्या लागतात. वेंगुर्ला तालुक्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटत नाही. रात्रभर राखण करायची तर पायात काहीतरी हवंच.

याच चपलांची एक रील मला माझ्या भाचीने पाठवली. खाली बर्फाळ देशातल्या मालिकांना असतं तसं घुमणारं संगीत, वर धुक्यासारखा फिल्टर आणि मधोमध अक्षरं: ‘कोकणातला पेगन देव’. भाचीने पुढे लिहिलं होतं, ‘मावशी, हे आपल्या घरापासून इतकं जवळ आहे आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?’ आता ती लहान असताना दर मे महिन्यात तिला तिथे कोण घेऊन जात होतं, हे मी विचारलं नाही. तेव्हा तिला देवळाबाहेरच्या लिंबू सरबतात जास्त रस होता.

भाची पुण्यात असते. डिझाइनचं काम करते, घरूनच. गेली काही वर्षं ती स्वतःला ‘पेगन’ म्हणवते. म्हणजे निसर्ग हाच देव, ऋतू हेच सण, चंद्राच्या कलांप्रमाणे मनाची निगा. तिच्या खिडकीत एक मांडणी आहे: गुलाबी स्फटिक, शिंपले, मेणबत्त्या, आमच्याच घरातली एक जुनी पितळी समई आणि भविष्य पाहायच्या टॅरोच्या पत्त्यांचा जोड. पत्ते १९०९ साली लंडनला निघालेल्या संचाचे, पामेला कोलमन स्मिथ या बाईने चितारलेले. चित्रं खरंच देखणी आहेत. पौर्णिमेला ती काचेच्या बरणीत पाणी भरून अंगणात ठेवते आणि सकाळी पिते. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी एकदा विचारलं, “ह्या काय गो?” ती म्हणाली, “मून वॉटर.” जाऊबाई म्हणाल्या, “बरा. फकत झाकण घाल, पाल पडात.”

मला तिची थट्टा करवत नाही. थट्टा फार सोपी आहे आणि गावात ती करणारे पुरेसे आहेत. शिवाय ती जे शोधते ते खोटं नाही. ऑफिस स्क्रीनमध्ये, मैत्री स्क्रीनमध्ये, आईवडील दोन शहरांत. अशा पोरीला झाडाशी, पाण्याशी, अमावस्येशी आपलं काही नातं असावं असं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय? मला फक्त हे कळून घ्यायचं होतं की ती ज्याला पेगन म्हणते ते आणि आमच्या गावात जे चालतं ते एकच आहे का. ती म्हणते एकच. रील बनवणाराही तेच म्हणतो. माझं मन मानत नव्हतं, आणि का मानत नाही हे सांगताही येत नव्हतं. म्हणून वाचत गेले.

या आधुनिक पेगन पंथांत सगळ्यांत गाजलेला विक्का. त्याचा कर्ता जेराल्ड गार्डनर हा इंग्रज गृहस्थ (१८८४–१९६४) आयुष्याची उमेदीची वर्षं सिलोन, बोर्निओ आणि मलायात घालवून आला होता. आधी चहा-रबराचे मळे, मग मलायात कस्टमची नोकरी. तिथल्या लोकांच्या भूतपिशाच्चांच्या समजुती, मांत्रिक, मंतरलेल्या कट्यारी यांचा त्याला नादच लागला. मलय कट्यारींवर त्याने १९३६ साली पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. तिथे त्याला म्हणे चेटकिणींचं एक गुप्त मंडळ भेटलं, ख्रिस्तपूर्व काळापासून अखंड चालत आलेलं. इंग्लंडमधला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरने आपलं म्हणणं पुस्तकरूपाने जाहीर केलं. पुढे रोनल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ मध्ये सगळे धागे उसवून दाखवले: प्राचीन अखंड परंपरा वगैरे काही नाही, हा विसाव्या शतकात घडवलेला धर्म आहे. वर्षातल्या आठ सणांचं त्यांचं जे चक्र, तेही एकत्र बांधलं गेलं विसाव्या शतकाच्या मध्यात. त्यातल्या काही सणांची नावं तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने सुचवलेली.

म्हणजे पूर्वेकडच्या देवाचारांवर साहेबी करून परत गेलेला माणूस मायदेशी जाऊन ‘आमच्यातही होतं हो असं काहीतरी’ म्हणू लागला. मला हे फार गमतीचं वाटलं. पण भाचीला मी ते विजयाने सांगितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, “मग? नवीन आहे म्हणून खोटं?”

उत्तर देणं अवघड होतं, कारण आपल्याकडेही हे घडलेलं आहे. संतोषी मातेचा सिनेमा १९७५ साली आला आणि तोवर मोजक्या भागांत ठाऊक असलेल्या देवीचं शुक्रवारचं व्रत देशभर घराघरांत शिरलं. थेटरात लोक चपला काढून बसत. माझ्या आईने ते सोळा शुक्रवार केले. आंबट खायचं नाही म्हणून कोकणातल्या बाईने कोकमाशिवाय आमटी करायची, याहून कडक व्रत मी पाहिलेलं नाही. आईच्या त्या शुक्रवारांना खोटं म्हणायची माझी छाती नाही. अलीकडचं उदाहरण ‘तुंबाड’चं. २०१८ च्या त्या सिनेमातला हस्तर कुठल्याही पुराणात नाही, तो लिहिणाऱ्यांनी रचला. तरी ‘हस्तरचं देऊळ नेमकं कुठे आहे?’ असं विचारणारे पर्यटक आहेत. आणि ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सुरू झाली तेव्हा आमची मालवणी रोज रात्री महाराष्ट्रभर ऐकू येऊ लागली याचा आनंद झाला, पण त्याबरोबर कोकण म्हणजे वाडा, विहीर, पांढऱ्या साडीतली बाई असं एक चित्रही पक्कं झालं. मालिकेत दाखवलेला आकेरीचा तो वाडा बघायला गाड्या थांबू लागल्या. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या एका पाहुण्यांनी मागच्या दाराशी उभं राहून, बऱ्यापैकी आशेने, विचारलं होतं, “इथे रात्री काही दिसतं का हो?” दिसतं. साळिंदर दिसतं, केळी खाऊन जातं.

तेव्हा नवं-जुनं हा फरक नव्हे. मग कुठला?

तो मला दिसला गाऱ्हाण्यात. जत्रेला, पालखीला, नारळ फोडण्याआधी गावकार किंवा गुरव देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने बोलतो. “बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत… कोणाची काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल… जो चाकरमानी मुंबैक आसा, तेका सुखी ठेव रे म्हाराजा!” आणि मागून सगळे, “व्हय म्हाराजा!” यात ‘मी’ नाही. मला शांती दे, माझी ऊर्जा वाढव, असं कुणी म्हणत नाही. साऱ्या गावाची रखवाली कर, गुराढोरांचं बघ, पाऊस वेळेत पाड. मागण्या रोकड्या, आवाज चढा. देवाशी बोलायची ही पद्धत शहरातल्या ध्यानवर्गात बसणाऱ्याला उद्धट वाटेल. पण तो संवाद एका करारातल्या दोन बाजूंचा आहे. आम्ही वर्षाचा मान देऊ, तू राखण कर. चुकलास तर विचारू.

आणि दुसरं म्हणजे कौल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर ठरलेल्या जागी भिजवलेले तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात आणि बसून राहतात. कुठल्या बाजूची कळी आधी पडते यावर उत्तर. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. कधी काहीच पडत नाही. पंखा बंद, सगळे घामाघूम, कुणी खोकत नाही. पाऊण तासाने कुणीतरी म्हणतं, “प्रश्न नीट घातलास नाय.” मग प्रश्न सुधारून पुन्हा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कुठल्या तिथीला बांधलेली नाही, ती देवीच्या कौलानेच ठरते. मुंबईतले लाखभर चाकरमानी रजेचे अर्ज हातात धरून वाट बघतात, रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात, आणि यातल्या कुणालाही देवीला ‘जरा शनिवार-रविवार बघ’ म्हणता येत नाही.

कौल नाही म्हणू शकतो. माझ्या भाचीच्या जगात नाही म्हणणारं कुणी नाही. तिथे ‘युनिव्हर्स’ असतं, आणि ते मागेल ते देतं, फक्त मागणाऱ्याचं मन स्वच्छ हवं. वहीत रोज लिहायचं, ‘मला हे मिळालेलं आहे.’ नाही मिळालं तर आपल्याच मनात कुठेतरी अडथळा. टॅरोत मृत्यूचं पान निघालं तरी वाचणारी लगेच सांगते, अगं घाबरू नकोस, याचा अर्थ परिवर्तन. मी तिला विचारलं, “तुझ्या पत्त्यांनी तुला कधी एखादी गोष्ट करू नकोस असं ठाम सांगितलंय? आणि तू ती केली नाहीस?” तिने बराच वेळ विचार केला. “एका मुलाबद्दल सांगितलं होतं,” ती म्हणाली, “पण तो मला आधीपासूनच आवडत नव्हता.”

याउलट आचऱ्याची गावपळण घ्या. मालवण तालुक्यातलं हे मोठं गाव, बाजारपेठेचं. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेतात आणि तो मिळाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. घरं बंद, चुली थंड, दुकानं बंद. वेशीपलीकडे माळावर, नदीकाठी राहुट्या पडतात, भजनं होतात, पत्ते कुटले जातात, पोरं हुंदडतात. परत यायचं तेही पुन्हा कौल लागला की, नाहीतर मुक्काम वाढतो. याचं कारण कुणी भुतांना गाव मोकळा सोडणं असं सांगतं, कुणी हवा शुद्ध होते म्हणतं. हल्ली पेपरवाले ‘डिटॉक्स’ लिहितात. मला यातलं कुठलंच कारण फारसं महत्त्वाचं वाटत नाही. हजारो लोकांनी आपल्या सोयीची वेळ नसताना कुलूप लावून निघणं, श्रीमंताने आणि मजुराने एकाच माळावर झोपणं, हे कुठलं रिसॉर्ट घडवून आणेल? आमच्याच किनाऱ्यावर एका ठिकाणी पौर्णिमेचं ‘सर्कल’ भरतं, गादी-नाश्त्यासह. त्याची रक्कम ऐकून माझ्या दिराने विचारलं, “चंद्र वेगळो आसा काय थंय?”

समुद्राचंही तसंच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, असा जुना नेम. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. माशांच्या विणीच्या हंगामात जाळं टाकू नये ही गोष्ट एकच, आधी दर्याने सांगितली, मग गॅझेटने. दोन्हींना न जुमानणारे आहेत, तो वेगळा विषय आणि तो काढला की माझं डोकं तापतं.

भाची एका वर्षी १ मेला इथे होती. तिच्या चक्राप्रमाणे त्या दिवशी बेल्टेन, उन्हाळ्याच्या स्वागताचा अग्नी पेटवायचा सण. थंड देशात ठीक आहे. इथे विहिरीचं पाणी तळाला, काजूच्या बागेत गुडघाभर वाळलेलं गवत, आणि ही बया बागेच्या कडेला लाकडं रचून बसलेली. तिच्या मामांनी लांबून पाहिलं आणि हातातली कोयती टाकून जे धावले! वणवा म्हणजे काय हे तिला त्या दिवशी दोन मिनिटांत कळलं, मालवणीत. संध्याकाळी ती जरा हिरमुसून ओटीवर बसली होती. मी म्हटलं, “ऑस्ट्रेलियातले तुझे पेगन लोक काय करतात? त्यांच्याकडे ऋतू उलटे.” तर ते चक्रच सहा महिन्यांनी फिरवून घेतात म्हणाली. “मग तूही फिरव की.” त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस आणि शेताच्या राखणदाराला कोंबडा (ती शाकाहारी, इथे थोडी अडली). नारळी पौर्णिमा. तेरड्याची गौर आणि ओवसा, म्हणजे सुनांनी गौरीला द्यायचं सुपाचं वाण. नव्याची पौर्णिमा, नवं भात दाराला बांधायचं. चावदिस. देवदिवाळीनंतर जत्रा आणि रातभर दशावतार. शिमगा. तिच्या लक्षात आलं की यातला एकही सण इंग्लंडच्या ऋतूला जुळत नाही, आणि एकही एकटीने करता येत नाही. ओवसा द्यायला सासर-माहेर लागतं. पालखी नाचवायला खांदे लागतात.

चावदिसाचं तिला फार आकर्षण, कारण त्यात वनस्पती आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळ करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, आणि सातविणीच्या सालीचा रस प्यायचा, पोह्यांच्या आधी. इतका कडू की डोळ्यांत पाणी येतं. सातविणीची साल तापावर देण्याची रीत जुनी, इंग्रजांनीही ती औषधांत नोंदवली होती. “हे तर अस्सल हर्बल विझडम आहे,” भाची म्हणाली आणि सकाळी स्वतःच साल काढून आणायला निघाली. माझ्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी तिला दारातच अडवलं. आमच्या घरी साल एकच माणूस आणायचा, दर वर्षी तोच. कारण रानात काजराही आहे. काजऱ्याच्या बियांत आणि सालीत स्ट्रिक्निन असतं, त्याने माणूस आचके देऊन मरतो. पहाटेच्या काळोखात दोन्हींचे बुंधे हाताला सारखेच लागतात. सातविणीला कोयता लावला की पांढरा चीक येतो, पानं एका ठिकाणी सहा-सात गोल फिरून असतात. काजऱ्याला चीक नाही, पानं समोरासमोर दोन-दोन. सासूबाईंना हे सगळं ठाऊक होतं, तरी त्या स्वतः कधी साल काढायला गेल्या नाहीत. ज्याचं काम त्याने करावं. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हे वाक्य त्यांनी ऐकलं असतं तर त्या भाचीला काजऱ्याखाली नेऊन उभी करत्या.

निसर्गोपचाराच्या बाजारात हे काजऱ्याचं भान नसतं. आमच्या कोकमाचंच बघा. कोकमाचा दक्षिणेकडला भाऊबंद, मलबारी चिंच, तिच्या सालीतलं एक आम्ल चरबी वितळवतं म्हणून अमेरिकेत गोळ्या निघाल्या. ते आम्ल कोकमातही असतं. १९९८ साली तिकडच्या डॉक्टरांनी १३५ जणांवर बारा आठवड्यांची रीतसर चाचणी करून छापलं होतं की खोट्या गोळीपेक्षा काडीचाही जास्त उपयोग नाही. तरी २०१२ साली टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध डॉक्टरने ती पुन्हा डोक्यावर घेतली, आणि २०१४ मध्ये सिनेट समितीपुढे त्याला जाब द्यावा लागला. तोवर गोळ्या खपायच्या त्या खपल्या. आता तीच लाट घुटमळत परत आली आहे, आणि एक बाई मला फोनवर विचारत होती की तुमच्याकडच्या आगळाने, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाने, महिन्यात किती किलो जातात. मी म्हटलं, जेवणानंतर सोलकढी प्यालात तर भात चांगला जिरतो आणि दुसऱ्या वेळी पुन्हा भूक लागते. त्यांनी ऑर्डर दिली नाही.

हळदीवरून तर आपण भांडलोही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण हळदीचं दूध परदेशी कॅफेत महाग विकलं जातं म्हणून जे फुशारून जातात त्यांना विचारावंसं वाटतं, तुमच्या परसात हळदीचं एक तरी रोप आहे? गणपतीत पातोळ्यांना पानं तुम्ही कुठून आणता?

भाचीच्या पिशवीत एकदा वाळलेल्या पांढऱ्या पानांची जुडी होती, दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली. व्हाइट सेज. पेटवून धूर घरभर फिरवायचा, नकारात्मकता जाते. हे झुडूप दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या पट्ट्यातच रानात उगवतं. तिथल्या आदिवासी जमातींना ते पवित्र, आणि अमेरिकेत त्यांचे स्वतःचे विधी करायला कायद्याचं संरक्षण मिळालं तेच मुळी १९७८ साली. आता जगभर मागणी वाढल्यावर राखीव जागांमधून गोण्या भरभरून चोरी होते. त्या जमाती पान तोडण्याआधी झाडाची परवानगी मागतात, असं मी वाचलं. ऑनलाइन दुकानात परवानगीची पायरीच नाही. मी भाचीला हे सांगताना आवाज जरा चढवला होता, आणि मग तिने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं: गुग्गुळ, अतिसंकटग्रस्त. आमच्या देवघरात, बाळंतिणीच्या शेगडीवर, वर्षानुवर्षं पडणारा गुग्गुळ राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातून ओरबाडून आणलेला. त्या झुडपाला तरी कोणी विचारलं होतं? आता आमच्याकडे धुरीला ओवा, वावडिंग आणि नारळाची शेंडी. वास कमी येतो.

तिच्या बाजूचं एक मोठं सत्य मला मान्य करावं लागतं. विक्काच्या वर्तुळात कुणीही उभं राहू शकतं. बाई पुरोहित असते, बऱ्याचदा मुख्य तीच. गार्डनरच्या विधींना आज जे शब्द आहेत त्यातले उत्तम शब्द डोरीन व्हॅलिएन्टे या बाईचे. आमच्याकडे कोण कुठे उभं राहणार, पहिला नारळ कोणाचा, देवाचे तरंग, म्हणजे सजवलेले खांब, कोण धरणार, ढोल कोण वाजवणार, हे जन्माने ठरतं. मानपानावरून देवळं वर्षानुवर्षं कोर्टात बंद पडलेली आहेत. ज्याच्या ढोलाशिवाय देव हलत नाही त्याला गाभाऱ्याच्या किती जवळ जाता येतं, हे मी लिहायला नको. आणि परदेशातल्या मुली हौसेने स्वतःला ‘विच’ म्हणवतात, टी-शर्टवर छापतात, तेव्हा मला पहिल्यांदा आठवतात त्या इथल्या बायका, ज्यांना भुताळी ठरवून मारलं गेलं, गावाबाहेर काढलं गेलं. दाभोलकरांचा खून झाला २०१३ च्या ऑगस्टमध्ये आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. अंगात अवसर, म्हणजे देवाचं वारं, आलेला माणूस एखाद्या विधवेकडे बोट दाखवतो तेव्हा तिथेही सगळे “व्हय म्हाराजा”च म्हणतात. जो देव नाही म्हणतो, त्याच्या वतीने बोलणारा माणूसच असतो. हे विसरून गावगाडा रंगवणारे शहरी लेखही मी पुष्कळ वाचते. त्यांचा मला भाचीच्या स्फटिकांपेक्षा जास्त राग येतो.

तरीही राई उरली ती त्या नकारामुळे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने राखलेले तुकडे उभे आहेत. तिथली काठीही उचलायची नाही, वाळलेली सुद्धा. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या राईत तर रानजायफळाची दलदल आहे, गुडघ्यांसारखी मुळं पाण्याबाहेर काढलेली झाडं, महाराष्ट्रात जवळपास कुठे न सापडणारी. ती कुणी जैवविविधता म्हणून राखली नव्हती. देव रागावेल म्हणून राखली होती.

आमच्या गावातही राई आहे, लहानशी. मोठ्या गारंबीच्या वेली, बकुळ, दोन प्रचंड सातविणी आणि मधोमध वारूळ. वारूळ हीच सातेरी, आमची ग्रामदेवी. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या मंडळाकडे पैसे जमले आणि सभामंडपाचा विषय निघाला. स्लॅब, फरशी, गाडी थेट दारात यावी म्हणून रस्ता. रस्त्यात एक सातविण येते. कौल लावला, डावा पडला. सगळे गप्प घरी गेले. मला आनंद झाला. पण दोनेक महिन्यांनी प्रश्न बदलून पुन्हा लावला: झाड तोडू का, असं न विचारता, भक्तांच्या सोयीसाठी जागा मोकळी करून देशील का, असं. उजवा पडला.

भाचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप हसली. “मावशी, हे तर आमच्यासारखंच झालं. हवं ते उत्तर मिळेपर्यंत पत्ते पिसत राहायचं.” मी म्हटलं, हसू नकोस, वनस्पतिशास्त्र शिकलेली तुझी ती मैत्रीण आहे ना, तिला घेऊन ये. राईतल्या झाडांची यादी करायची आहे, घेर मोजून, मालवणी नावांसकट. कागद दाखवला की पंचायतीतले जरा बिचकतात. त्या दोघी शिमग्याला येणार आहेत. पालखीच्या आदल्या दिवशी गावकऱ्यांची बैठक आहे, आणि यावेळी प्रश्न काय घालायचा हे तिथेच सगळ्यांसमोर ठरावं असा अर्ज मी दिला आहे. बाईने अर्ज द्यायची पद्धत नाही म्हणून तो दिरांच्या नावाने दिला. आमच्या बाजूने सध्या तीन घरं आहेत, त्यातलं एक दर आठवड्याला मुंबईहून फोन करून मत बदलतं.